सेवापुरवठादाराने दिलेला घरगुती राउटर : मर्यादा आणि उपाय

प्रस्तावना

इ. स. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात अध्यापकाचे घर हाच महाविद्यालयाचा वर्ग बनला. पुढे वर्ग पूर्ववत भरू लागले. तथापि उत्तरपत्रिकांचे ऑनलाइन मूल्यमापन, आभासी चर्चासत्रे आणि संशोधनसामग्रीचा शोध ही कामे घरच्या इंटरनेट जोडणीवर अवलंबून राहिली. ही जोडणी देताना कंपनीचा तंत्रज्ञ भिंतीवर एक छोटी पेटी बसवून जातो. तिची निवड कंपनीने केलेली असते आणि तिच्यावरील नियंत्रणही बहुतांशी कंपनीचेच असते. जोडणी मंदावली की ग्राहक बाजारातून नवा राउटर आणतो. काही वेळा अडचण दूर होते, तर काही वेळा खर्च व्यर्थ जातो. असे का घडते? काही मर्यादा घरातील पेटीत असतात, तर काही कंपनीच्या जाळ्यात असतात आणि दोहोंचे उपाय भिन्न आहेत. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पेटीचे स्वरूप

फायबर जोडणीतील ही पेटी बहुधा एकाच वेळी तीन कामे करते. पहिले, काचतंतूतून येणाऱ्या प्रकाशसंकेतांचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणे. हे काम करणाऱ्या भागास 'ओएनटी' म्हणतात. दुसरे, घरातील अनेक उपकरणांना एका जोडणीवर चालविणे. हे राउटरचे काम. तिसरे, वाय-फाय पुरविणे. यांपैकी दुसरे व तिसरे काम ग्राहक स्वतःच्या उपकरणाकडे सोपवू शकतो. पहिल्याचे तसे नाही. भारतात प्रचलित असलेल्या जीपॉन पद्धतीत एकाच काचतंतूवर ३२ किंवा ६४ घरे जोडलेली असू शकतात आणि कंपनीचे केंद्र प्रत्येक ओएनटी सामान्यतः त्याच्या अनुक्रमांकावरून ओळखते. त्यामुळे कंपनीकडे नोंद केल्याशिवाय दुसरा ओएनटी लावल्यास जोडणी सुरू होत नाही.

घराच्या आतील मर्यादा

सर्वाधिक तक्रारी वाय-फायविषयी असतात. तंतू जेथून घरात शिरतो तेथेच, म्हणजे बहुधा दाराजवळ, पेटी बसविली जाते आणि अभ्यासिका मात्र दोन भिंतींपलीकडे असते. २.४ गिगाहर्ट्झ लहरी भिंती तुलनेने सहज ओलांडतात, परंतु शेजारच्या घरांतील त्याच लहरींची तेथे गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ लहरींचा वेग अधिक, पण पल्ला कमी. यावर पहिला उपाय बिनखर्ची आहे : पेटी शक्य तितकी घराच्या मध्यभागी व उंचावर हलवून घेणे आणि २.४ गिगाहर्ट्झसाठी १, ६ व ११ या परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडणे.

दुसरी मर्यादा केबलच्या खोबणीची. काही पेट्यांतील खोबण्या सेकंदाला १०० मेगाबिट क्षमतेच्याच असतात. अशा खोबणीतून ३०० मेगाबिटच्या योजनेचा पूर्ण वेग मिळणे अशक्य असते, आणि तिच्यापुढे जोडलेला महागडा राउटरही हा वेग वाढवू शकत नाही. अशा वेळी पेटीच बदलून मागावी लागते.

दुसरा राउटर जोडण्याच्या पद्धती

स्वतःचा राउटर जोडण्याच्या तीन पद्धती आहेत. केवळ वाय-फाय सुधारायचे असेल, तर नवा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून चालवावा. या पद्धतीत पत्ते वाटण्याचे काम जुनी पेटीच करते आणि नवे उपकरण फक्त लहरी पुरविते. बहुतेक घरांना एवढे पुरेसे असते.

दुसऱ्या पद्धतीत नवा राउटर जुन्याच्या मागे स्वतंत्रपणे काम करतो. दोन्ही राउटर १९२.१६८.१ या एकाच पत्तामालिकेवर असतील, तर गोंधळ होऊन जोडणी बंद पडते. म्हणून नव्या राउटरची मालिका १९२.१६८.२ अशी वेगळी ठेवावी लागते. येथे पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. संकेतस्थळे पाहण्यास त्याची बाधा होत नाही. बाहेरून घरातील संगणकाशी संपर्क साधणे मात्र अधिक अवघड होते.

तिसरी पद्धत 'ब्रिज मोड'ची. तीत कंपनीची पेटी केवळ ओएनटी म्हणून उरते आणि जोडणीचे वापरकर्तानाव व पासवर्ड ग्राहकाच्या राउटरमध्ये भरले जातात. ही सर्वांत स्वच्छ व्यवस्था होय, परंतु तिच्यासाठी कंपनीची संमती घ्यावी लागते. त्याच पेटीवर दूरध्वनी चालत असेल, तर तो बंद पडणार नाही याची खात्री आधीच करून घ्यावी.

घराबाहेरील मर्यादा

महाविद्यालयातून घरच्या संगणकावरील फाइल उघडू पाहणाऱ्या अध्यापकास राउटर बदलूनही यश येत नाही, तेव्हा त्याचे कारण बहुधा कंपनीच्या जाळ्यात असते. जुन्या चौथ्या आवृत्तीच्या आयपी पद्धतीत सुमारे ४३० कोटी पत्तेच शक्य आहेत आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात. वसतिगृहात एकच दूरध्वनी असावा, तसे हे आहे : आतून कोणीही बाहेर फोन करू शकतो, पण बाहेरून आलेला फोन कोणत्या खोलीसाठी आहे, हे द्वारपालास कळत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. राउटरच्या पानावर दिसणारा बाह्य पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतील असेल, तर तो सामायिक व्यवस्थेतील होय. ही मालिका २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आली. अशा वेळी तीन मार्ग उरतात : शुल्क भरून कंपनीकडून सार्वजनिक पत्ता घेणे, सहाव्या आवृत्तीचा आयपी पत्ता उपलब्ध असल्यास तो वापरणे, किंवा घरातील संगणकाने बाहेरील सर्व्हरशी स्वतःहून व्हीपीएन जोडणी उघडी ठेवणे.

सुरक्षितता आणि निवडीचा हक्क

कंपनी या पेट्यांची देखभाल दुरून करते. त्यात सोय आहे, तसा धोकाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत दूरस्थ देखभालीच्या मार्गावर झालेल्या हल्ल्यात एकाच कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली. प्रश्नपत्रिका व विद्यार्थ्यांचे गुण घरच्या संगणकावर ठेवणाऱ्या अध्यापकासाठी हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. मूळ पासवर्ड बदलणे आणि महत्त्वाचा संगणक स्वतःच्या, नियमित अद्ययावत होणाऱ्या राउटरमागे ठेवणे ही किमान दक्षता होय. इतरत्र मिळालेल्या गुप्त पासवर्डने कंपनीच्या पेटीत शिरकाव करणे मात्र टाळावे. त्यात करारभंग होतो आणि जोडणी तुटण्याची भीतीही असते.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून अमलात आलेल्या कायद्याने ग्राहकास स्वतःचे उपकरण निवडण्याचा हक्क दिला. पेटी घरात असली, तरी तिच्यावर सत्ता कोणाची, हा प्रश्न तेथे कायद्याने सोडविला. जेथे असा हक्क नाही, तेथे कंपनीशी करावयाचा लेखी पत्रव्यवहार हाच ग्राहकाचा आधार ठरतो.

समारोप

खर्चापूर्वी निदान व्हावे, हा या विवेचनाचा निष्कर्ष आहे. प्रथम केबलने संगणक जोडून वेग मोजावा. केबलवर योग्य वेग मिळत असेल व वाय-फायवर मिळत नसेल, तर दोष घरात आहे आणि तो ग्राहकास दूर करता येतो. केबलवरही वेग कमी असेल, तर खोबणीची क्षमता पाहून कंपनीकडे तक्रार करावी. बाहेरून संपर्क होत नसेल, तर पत्ता तपासावा. अडचण कोणाच्या हद्दीत आहे हे कळले, म्हणजे उपायाची दिशाही ठरते.