प्रेषितांचे चमचे

मुलाच्या बाप्तिस्म्याचा दिवस ठरला, की धर्मपिता व धर्ममाता यांना पहिली चिंता पडते ती आहेराची. काय द्यावे? किती द्यावे? ही चिंता आजची नव्हे. पंधराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत इंग्लंडात तिला एक ठरलेले उत्तर होते : चांदीचा चमचा.

त्या काळी तेथे जेवताना काटा वापरण्याची चाल नव्हती. चमचा ही ज्याची त्याची स्वतःची वस्तू असे. चांदीचा चमचा म्हणजे तर बाळाच्या नावाची पहिली मालमत्ताच. या चमच्यांच्या दांड्याच्या टोकाला एकेका प्रेषिताची इवलीशी मूर्ती घडवीत. संत पेत्राच्या हाती किल्ली, संत आंद्रियाजवळ तिरपा क्रूस, थोरल्या संत याकोबाजवळ यात्रेकरूची काठी, संत योहानाच्या हाती प्याला, संत बर्थलमयाच्या हाती सुरी. खुणेवरून संत ओळखावा. ऐपतदार धर्मपिता बारा प्रेषित व प्रभू ख्रिस्त असा तेरा चमच्यांचा संच देई. मध्यम स्थितीतला चार देई. गरीब एकच देई, बहुधा बाळाच्या नावाच्या संताचा. लंडनमध्ये १५३६-३७ साली घडविलेला प्रेषितांच्या चमच्यांचा एक संच ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आहेर आला, तशी मनाची ओढाताणही आली. शेक्सपिअरच्या 'आठवा हेन्री' या नाटकात धर्मपिता होण्यास संकोचणाऱ्या आर्चबिशपांना राजा थट्टेने म्हणतो, की तुम्हांला चमचे वाचवायचे आहेत! सॅम्युएल पीप्स या प्रसिद्ध रोजनिशीकाराची गोष्ट तर खरीच घडलेली. २९ मे १६६१ रोजी तो सहा चमचे व चांदीचे एक भांडे खिशात घालून धर्मपिता म्हणून बाप्तिस्म्यास गेला. बाळास आपले नाव मिळेल अशी त्याची आशा होती. नाव ठेवले जॉन. पीप्सने आहेर तसाच परत आणला!

पुढे ही चाल ओसरली. १६४२ साली सुरू झालेल्या यादवी युद्धात पुष्कळांच्या घरची चांदी वितळली, आणि प्युरिटन लोकांना संतांच्या मूर्ती रुचत नसत.

आपल्याकडेही बाळाला चांदीची वाटी व चमचा देण्याची रीत आहे. ती गोडच आहे. परंतु बाप्तिस्मकुंडापाशी धर्मपिता जे वचन देतो, ते तेरा चमचे देणाऱ्याचे व एक चमचा देणाऱ्याचे सारखेच असते. आहेरासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या आपल्या बांधवांनी एवढे ध्यानात ठेवावे, इतकेच आम्ही सुचवितो.