घरची बोली आधी ऐकावी

पोहरादेवीपासून जवळच्या एका गावातली अंगणवाडी. गावाला लागूनच तांडा आहे, त्यामुळे खोलीत दोन्हीकडची मुलं. सेविकाताई गावातल्या, मदतनीस तांड्यावरच्या. मुलं चपला काढत असतानाच ताई एकेकाला विचारतात, ‘काय जेवून आला रे?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. बाहेरून आलेल्या माणसाला अवघडल्यासारखं व्हावं इतक्या थांबतात. मुलाचे ओठ हलतात, मग एकदाचं येतं, ‘बाटी.’ ताई म्हणतात, ‘बाटी खाल्ली? कायच्या संग खाल्ली?’ शब्द सुधारायचा नाही, तोच उचलून त्याला आणखी दोन जोडून परत द्यायचा. लहान मुलाची भाषा वाढवण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

वाशीम जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं श्रद्धास्थान, आसपास तांडेही बरेच. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, आईला याडी म्हणतं. गावातलं मूल वऱ्हाडी बोलतं. पुस्तकातली मराठी दोघांनाही नंतरच भेटते.

त्या दिवशी ताई भिंतीवरची चित्रं दाखवत होत्या. चारेक वर्षांच्या मुलीनं बोट ठेवलं, ‘डोया.’ पुढं, ‘केयं.’ शहरातल्या कुणाला वाटेल, पोरीची जीभ वळत नाही. पण तिला सोडायला आलेली आजीही डोयाच म्हणते. वऱ्हाडीत ळ चा य होतो, त्यात दोष कसला? शेजारच्या तीन वर्षांच्या मुलानं गाडीला ‘दादी’ म्हटलं, काकाला ‘ताता’. ही बोली नव्हे, हे वय आहे. क आणि ग च्या जागी त आणि द येणं बहुतेक मुलांचं चौथ्या वर्षापर्यंत सुटतं. र तर कित्येकांना त्याहून उशिरा जमतो. त्याच रांगेत अडीच वर्षांचा एक मुलगा होता. तो काहीच बोलला नाही.

हे तिन्ही वेगळे ओळखणं, हेच इथलं अवघड काम. ताईंनी आधी मदतनीसबाईंना त्या गप्प मुलाजवळ बसवलं. त्या गोरमाटीत बोलल्या, खेळण्यातली भांडी मांडली. मुलगा खेळला, हसला, पण शब्द नाही. तांड्यावरची कितीतरी मुलं मराठीत गप्प असतात आणि घरी अखंड बोलतात. त्यांना मागं पडलेलं ठरवणं हा अन्याय आहे. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं खुंटत नाही. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. पण वर्षाच्या आसपास पहिला शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडी, ही अपेक्षा कुठल्याही भाषेत तीच.

मुलाची आजी म्हणाली, ‘याचा बापबी उशिराच बोलला.’ वेखंड उगाळून चाटवणं चालू होतं. ताईंनी तिला तोडलं नाही, फक्त विचारलं, ‘याचा कान वाहते का?’ वाहत होता, पावसाळ्यापासून. मग मुलगा खेळात गुंतलेला असताना ताईंनी त्याच्या पाठीमागं वाटीवर चमचा हलकेच वाजवला. बाकीच्यांनी माना वळवल्या, त्यानं नाही. जोरात वाजवल्यावर वळला. ही काही खरी तपासणी नव्हे, पण शंका कुठं घ्यायची ते कळलं. ऐकू कमी येत असेल तर जीभ सैल करण्याच्या उपायांत महिने जातात, आणि भाषा शिकण्याची हीच तर वर्षं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं कोसबाडला शाळा आदिवासी मुलांच्या अंगणात नेली. शाळा अंगणात गेली तशी अंगणातली बोली शाळेत यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. इथं ती एका मदतनीसबाईमुळे आली. सगळीकडे अशी सोय जुळत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतं. ताईंनी त्याची वाट न पाहता आजीला मुलाचा कान आधी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, आणि सोबत द्यायच्या चिठ्ठीत लिहिलं : कान वाहतो, हळू आवाजाला वळत नाही, घरी गोरमाटीतही बोलत नाही.