‘बरां आसा’ म्हणजे समाधान नव्हे

औषधाच्या चाचणीत सहभागी झालेल्या मालवणच्या माणसाला डॉक्टरने विचारले, “काही त्रास नाही ना?” की उत्तर ठरलेले: “नाय, सगळां बरां आसा.” मोफत तपासणाऱ्या डॉक्टरच्या तोंडावर तक्रार कोण करील? अशाने समाधान नव्हे, भीड मोजली जाते.

अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठाच्या पुढाकाराने यासाठी खास प्रश्नावली तयार झाली. संमतिपत्र समजले का, सहभागासाठी दबाव वाटला का, असे नेमके प्रश्न तिच्यात आहेत. 2013 मध्ये 15 संशोधन केंद्रांतील निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे 2019 च्या नियमांनुसार सहभागी व्यक्ती कारण न देता कधीही बाहेर पडू शकते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत. पण हे तिला उमगले होते का, ते कागदावरच्या अंगठ्यावरून कळत नाही. पुणे जिल्ह्यातील वढूसह तीन केंद्रांवर 6,799 बाळांवर रोटाव्हायरस लशीची चाचणी झाली. लशीची परिणामकारकता टक्क्यांत मोजली जाते. आईबापांचा अनुभवही तितक्याच काटेकोरपणे मोजायला हवा.

प्रश्न उपचार करणाऱ्याने विचारू नयेत. शक्यतो मालवणी बोलणाऱ्या, चाचणीशी संबंध नसलेल्या व्यक्तीने विचारावेत: एसटीचे भाडे मिळाले? रोजगार बुडाला? निकाल कोणी सांगितला?

आणि मधेच गळालेल्यांनाही गाठावे. मासेमारीबंदी 31 जुलैला संपते. ऑगस्टमध्ये तपासणी चुकवणारा खलाशी नाराज आहे की नुसता दर्यावर आहे, हे त्याला विचारल्याशिवाय कसे कळणार?