संगणकीय खेळांच्या जुन्या तबकड्यांचे जतन : तांत्रिक आणि कायदेशीर विवेचन

१. प्रस्तावना

पुस्तके, चित्रपट व ध्वनिमुद्रिका यांच्या जतनाची परंपरा ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी निर्माण केली आहे. संगणकीय खेळ मात्र दीर्घकाळ केवळ करमणुकीचे साधन मानले गेले. त्यामुळे त्यांच्या जतनाचा विचार उशिरा सुरू झाला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतील संगणकीय खेळ प्रामुख्याने फ्लॉपी आणि सीडी या माध्यमांवर वितरित होत. महाराष्ट्रातील संगणक प्रशिक्षण वर्गांत व महाविद्यालयीन प्रयोगशाळांत हे खेळ फ्लॉपीवरून हातोहात पसरले. पुढे संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींनी ते घरोघरी पोहोचवले. त्या तबकड्या आज अनेक घरांच्या कपाटांत आणि ग्रंथालयांच्या खोक्यांत पडून आहेत.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे दिसून आले. जो खेळ विकत मिळत नाही, त्याचे अस्तित्व जुन्या तबकड्यांवरच अवलंबून राहते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) फ्लॉपी व सीडी या माध्यमांच्या ऱ्हासाची कारणे स्पष्ट करणे.
२) अचूक प्रत घेण्याच्या पद्धतीचे विवेचन करणे.
३) या संदर्भातील भारतीय कायद्याची स्थिती विशद करणे.

२. एक बोलके उदाहरण

जॉर्डन मेकनर यांनी ॲपल टू या संगणकासाठी लिहिलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ १९८९ मध्ये प्रकाशित झाला. भारतातही १९९० च्या दशकात तो अतिशय लोकप्रिय होता. इतक्या यशस्वी खेळाची मूळ आज्ञावली मात्र खुद्द लेखकालाही अनेक वर्षे सापडत नव्हती. २०१२ मध्ये मेकनर यांच्या वडिलांना घरातील एका खोक्यात जुन्या फ्लॉपी आढळल्या आणि त्यांत ही आज्ञावली होती. जेसन स्कॉट व टोनी डियाझ या जाणकारांनी त्या फ्लॉपी काळजीपूर्वक वाचल्या व आज्ञावली अभ्यासकांसाठी खुली करण्यात आली. दोन दशकांहून अधिक काळ लोटूनही फ्लॉपी वाचता आल्या, हा योगायोगच म्हणावा लागेल. जतनाची व्यवस्था अशा योगायोगावर सोपवता येत नाही.

३. फ्लॉपीचा ऱ्हास

फ्लॉपीच्या आवरणात पॉलिएस्टरची पातळ, लवचीक तबकडी असते. तिच्यावर चुंबकीय कणांचा थर एका बंधक द्रव्याच्या साहाय्याने बसवलेला असतो. कालांतराने कणांचे चुंबकत्व क्षीण होते, बंधक द्रव्य झिजते आणि थर सुटू लागतो. वाचनशीर्ष तबकडीला प्रत्यक्ष स्पर्श करीत असल्याने सुटलेला थर खरवडला जातो. म्हणजे वाचण्याचा प्रयत्नच माहिती नष्ट करू शकतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात बुरशीची भर पडते. बुरशी लागलेली फ्लॉपी स्वच्छ न करता यंत्रात घातल्यास ती स्वतः खराब होतेच, शिवाय वाचनशीर्ष मळवून पुढील फ्लॉपींनाही इजा पोहोचवते.

यासोबत यंत्रांचाही प्रश्न आहे. सोनी कंपनीने २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबवली. नव्या संगणकांत फ्लॉपी वाचण्याची सोय नसते. त्यामुळे माध्यम आणि ते वाचणारे यंत्र ही दोन्ही एकाच वेळी दुर्मिळ होत आहेत.

४. सीडीचा ऱ्हास आणि त्याचे फसवे स्वरूप

सीडीचा मुख्य भाग १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटचा असतो. त्याच्या वरच्या बाजूस ॲल्युमिनियमचा परावर्तक थर, त्यावर लाखेसारखे पातळ लेपन आणि लेपनावर छपाई असते. सर्वसाधारण समज असा की, चकाकणारी खालची बाजू अधिक नाजूक असते. वस्तुस्थिती उलट आहे. खालच्या बाजूचा ओरखडा जाड प्लॅस्टिकवर असतो व तो पुष्कळदा घासून काढता येतो; छपाईच्या बाजूचा ओरखडा मात्र थेट परावर्तक थराला छेदतो आणि तेथील माहिती कायमची जाते. लेपनातून हवा व ओलावा आत शिरल्यास ॲल्युमिनियमचे ऑक्सिडीकरण होते. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या अनेक सीडी अशाच रासायनिक प्रक्रियेने तपकिरी पडून निकामी झाल्या. घरी लिहिलेल्या सीडींत माहिती सेंद्रिय रंगद्रव्यात नोंदलेली असते. उष्णता व सूर्यप्रकाश यांनी ते रंगद्रव्य बिघडते, म्हणून अशा सीडींची चिंता अधिक करावी लागते.

सीडीवरील माहितीसोबत त्रुटी दुरुस्त करणारी अतिरिक्त माहितीही लिहिलेली असते. तिच्यामुळे सुमारे २.५ मिलिमीटर लांबीपर्यंतची सलग हानी पूर्णपणे भरून निघू शकते. हा गुण जतनाच्या दृष्टीने फसवा ठरतो. तबकडी आतून बिघडत असताना दुरुस्तीची यंत्रणा तो बिघाड झाकते आणि खेळ नेहमीप्रमाणे चालतो. बिघाडाने दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की एक दिवस तबकडी वाचली जात नाही. तात्पर्य, तबकडी आज चालते यावरून ती सुस्थितीत आहे असे अनुमान काढता येत नाही. ती चालत आहे तोवरच प्रत घेणे आवश्यक ठरते.

५. अचूक प्रत घेण्याची पद्धती

तबकडीतील फाईली संगणकावर उतरवणे म्हणजे प्रत घेणे नव्हे. पूर्ण तबकडीची आहे तशी नोंद, म्हणजेच ‘इमेज’ घ्यावी लागते. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१) पूर्वतयारी : फ्लॉपीची लेखनबंदी खिडकी उघडी ठेवावी, जेणेकरून चुकून तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. सीडी मऊ कापडाने केंद्रापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोलाकार पुसू नये.

२) योग्य स्वरूपाची निवड : सीडीच्या प्रत्येक खंडात २,३५२ बाइट असतात. आयएसओ स्वरूपात त्यांपैकी वापरकर्त्याच्या माहितीचे २,०४८ बाइटच घेतले जातात व ध्वनिपट वगळले जातात. १९९६ मधील ‘क्वेक’ या खेळाचे संगीत सीडीवर स्वतंत्र ध्वनिपटांच्या रूपात होते. अशा सीडीची केवळ आयएसओ प्रत घेतल्यास खेळ टिकतो, पण मुका होतो. म्हणून संपूर्ण खंड नोंदवणारे बिन व क्यू हे जोडस्वरूप श्रेयस्कर ठरते.

३) संरक्षित तबकड्या : नक्कल रोखण्यासाठी अनेक प्रकाशक फ्लॉपीवर मुद्दाम अनियमित खंड ठेवत. सामान्य यंत्रणा त्यांना त्रुटी समजते. अशा वेळी क्रायोफ्लक्स किंवा ग्रीझवीझल यांसारखी उपकरणे वापरली जातात. ती चुंबकीय बदलांची मूळ नोंदच घेतात, त्यामुळे अनियमितताही प्रतीत उतरते.

४) पडताळणी : प्रत्येक इमेजवरून गणिती पद्धतीने ‘चेकसम’ ही ठसेवजा संख्या काढता येते. एकाच तबकडीच्या दोन स्वतंत्र वाचनांची संख्या जुळल्यास वाचन स्थिर असल्याची खात्री पटते. पुढे दरवर्षी तीच संख्या पुन्हा काढून प्रत अबाधित असल्याचे तपासता येते.

५) साठवण : तीन प्रती, दोन भिन्न माध्यमे आणि एक प्रत अन्य ठिकाणी, हा नियम सर्वमान्य आहे. १.४४ एमबी फ्लॉपीची इमेज १४,७४,५६० बाइटची असते. ३२ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर अशा वीस हजारांहून अधिक इमेज मावतात. अर्थात, पेनड्राइव्हही चिरंतन नसल्याने ती एकमेव प्रत असू नये. वेष्टन, पुस्तिका आणि अनुक्रमांक यांची छायाचित्रेही सोबत ठेवावीत, कारण कित्येक खेळ पुस्तिकेतील शब्द विचारल्याखेरीज सुरूच होत नसत.

६. प्रत चालवण्याचा प्रश्न

घेतलेली इमेज चालवता आली तरच जतन सार्थ ठरते. २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या डॉसबॉक्स या आज्ञावलीमुळे जुन्या डॉस प्रणालीचे अनुकरण नव्या संगणकावर करता येते. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने २०१५ च्या प्रारंभी दोन हजारांहून अधिक डॉस खेळ याच तंत्राने वाचकांसमोर आणले. याउलट, सेफडिस्क हे संरक्षण असलेल्या सीडी सुस्थितीत असूनही विंडोज १० वर चालत नाहीत; कारण त्या संरक्षणाचा आधारभूत घटक मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये या प्रणालीतून वगळला. यावरून माध्यमाच्या ऱ्हासाइतकाच प्रणालीतील बदलही घातक ठरू शकतो, हे लक्षात येते.

७. कायदेशीर बाजू

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ (१) (एए) अन्वये संगणकीय आज्ञावलीच्या वैध धारकाला, हानी वा नाश यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत घेता येते. मात्र ती ज्या प्रयोजनासाठी आज्ञावली दिली गेली त्याच प्रयोजनासाठी वापरावी लागते. अशी प्रत वाटणे वा विकणे या सवलतीत बसत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेले कलम ६५ अ हे प्रताधिकाराचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणे दंडनीय ठरवते.

याच दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणीची मुभा दिली. परंतु ग्रंथालयाकडे त्या कृतीची अ-डिजिटल प्रत आधीपासून असावी, अशी तीत अट आहे. जी कृती मुळातच डिजिटल स्वरूपात जन्मली, तिला ही तरतूद लागू करणे कठीण जाते. छापील ग्रंथ जपण्यासाठी केलेला विचार फ्लॉपी व सीडीपर्यंत पोहोचलेला नाही, असे म्हणावे लागते. अमेरिकेत २००३ पासून कालबाह्य स्वरूपांतील आज्ञावली व खेळ यांसाठी मर्यादित सवलती वेळोवेळी देण्यात आल्या, ही बाब येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते.

८. समारोप

छापील पुस्तक जीर्ण होताना पाने पिवळी पडतात आणि वाचकाला वेळीच सूचना मिळते. तबकडी अशी सूचना देईलच असे नाही. म्हणून बिघाड दिसण्याची वाट पाहणे हीच या क्षेत्रातील सर्वांत मोठी चूक ठरते. व्यक्तिगत पातळीवर धारकाने आपल्या तबकड्यांच्या पूर्ण व पडताळलेल्या राखीव प्रती आजच घ्याव्यात. घरी लिहिलेल्या सीडी व फ्लॉपी यांना अग्रक्रम द्यावा. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी पुस्तकांसोबत व मासिकांसोबत आलेल्या तबकड्यांची सूची करून त्यांची स्थिती नोंदवावी आणि चालू स्थितीतील एखादे जुने वाचनयंत्र भंगारात न काढता जपावे. कायद्यातील उणीव दूर होईल तेव्हा होईल. तोपर्यंत तबकड्यांचा ऱ्हास थांबणार नाही. मेकनर यांच्या फ्लॉपी खोक्यात राहूनही वाचल्या, प्रत्येक खोक्याच्या वाट्याला ते भाग्य येईल असे नाही.