तेलाच्या पापुद्र्यावर

ऑक्टोबर २०१२मध्ये लॉस एंजेलिसच्या एका पुलावरून ‘एंडेव्हर’ हे निवृत्त अंतराळयान संग्रहालयाकडे निघालं होतं. यान आणि त्याखालचा गाडा मिळून वजन सव्वाशे टनांच्या वर. पुलापुरतं ते ओढायला जोडली होती एक पिकअप, टोयोटाची टुंड्रा. आपल्याकडे पिकअप म्हटलं की टोमॅटोचे क्रेट डोळ्यांपुढे येतात, अमेरिकेत मात्र हे घराघरातलं वाहन आहे आणि त्याची ताकद हा मालकाच्या अभिमानाचा विषय.

पुढे २०२२च्या मॉडेलपासून टुंड्रा नव्याने घडवली गेली. जुनं ५.७ लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन गेलं आणि दोन टर्बोंचं, सहा सिलिंडरांचं साधारण साडेतीन लिटरचं इंजिन आलं. काही काळाने तक्रारी येऊ लागल्या. बॉनेटखालून ठोकल्यासारखा आवाज येतो, इंजिन अडखळतं, सुरूच होत नाही, आणि सगळ्यांत भीतिदायक म्हणजे धावत्या रस्त्यावर गाडीचा दम अचानक जातो. मे २०२४मध्ये टोयोटाने २०२२ आणि २०२३च्या सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या. त्यांत हेच इंजिन असलेल्या काही लेक्सस एलएक्सही होत्या. नोव्हेंबर २०२५मध्ये आणखी सुमारे १ लाख २७ हजार गाड्यांची भर पडली. कारण काय सांगितलं? इंजिनाचे भाग कातताना, भोकं पाडताना निघालेला धातूचा कीस पुरता साफ झाला नाही, आतच राहिला.

कीस! किसणीखाली सुक्या खोबऱ्याचा पडतो तसा, फक्त धातूचा आणि कितीतरी बारीक. अंतराळयान ओढणाऱ्या घराण्यातली गाडी एवढ्याशा कणापुढे हात टेकते हे मला आधी पटेना. पटलं ते इंजिनाच्या पोटात क्रँकशाफ्ट कशावर टेकलेला असतो हे कळल्यावर.

तो कशावरच टेकलेला नसतो.

पिस्टनच्या वर-खाली धावण्याचं गोल फिरण्यात रूपांतर करणारा हा जाडजूड पोलादी दांडा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सहा सिलिंडर मिळून सेकंदाला १५० स्फोट होतात. पिस्टनचा व्यास साडेआठ सेंटीमीटर आणि स्फोटाचा दाब शंभर बार धरला, तर एकेका ठोशाचं बळ साडेपाच टनांच्या पुढे जातं. हे ठोसे झेलत फिरणारा दांडा आणि त्याला धरणारी मेन बेरिंगं यांच्यामध्ये ना गोळ्या असतात ना रोलर. असतो तो तेलाचा पापुद्रा. सर्वांत जास्त भार येतो त्या क्षणी तो एखाद-दोन मायक्रॉनइतका पातळ होतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा.

ही गोष्ट उघडकीला आली ती एका बुचामुळे. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांना होणारं घर्षण मोजत होता. बेरिंगच्या डोक्यावर तेल घालायला त्याने भोक पाडलं होतं. आस खालून तेलात बुडलेला होता, म्हणून ते भोक नको झालं. पण आस फिरू लागला की भोकातून तेल वर येई. त्याने बूच मारलं, ते वर सरकलं. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही ढकलली गेली. शेवटी त्याने तिथे दाबमापक बसवला. बेरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि मापकाचा काटा २०० पौंडांची खूण ओलांडून गेला. तेल नुसतं गुळगुळीत करत नव्हतं, ते भार उचलून धरत होतं.

ते कसं, याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६मध्ये मांडलं. फिरणारा दांडा मधोमध नसतो, किंचित एका बाजूला असतो, त्यामुळे फट पुढे पुढे अरुंद होत जाते. चिकट तेल दांड्याबरोबर त्या चिंचोळ्या जागेत ओढलं जातं आणि पाचरीसारखं दांड्याला वर रेटतं. मुसळधार पावसात एक्स्प्रेसवेवर वेगाने जाणारी गाडी कधी पाण्यावर तरंगते आणि स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं, त्यामागे बरीचशी हीच करामत असते. रस्त्यावर जी आपला घात करते, तिच्याच भरवशावर बॉनेटखाली इंजिन चालतं.

आता या पापुद्र्यात तीस-चाळीस मायक्रॉनचा कण शिरला तर? तिथे तो डोंगर ठरतो. यावरचा तोडगा मला फार आवडतो. बेरिंगचा आतला थर मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे चुकार कण त्यात रुतून बसतो आणि दांड्याला ओरखडे पडत नाहीत. कथलाचा असा मऊ मिश्रधातू वापरण्याचं पेटंट अमेरिकेच्या आयझॅक बॅबिटने १८३९मध्येच घेतलं होतं. पण गिळण्यालाही मर्यादा असते. कण मोठे किंवा फार झाले की रुतल्या जागी पापुद्रा फाटतो, धातूला धातू घासतो, उष्णता वाढते, मऊ थर झिजतो. फट रुंदावली की तेल तिथून निसटू लागतं आणि दांडा आदळायला लागतो. मालकाच्या कानी पडते ती ठकठक हीच. जास्त भाराखाली हे हळूहळू साचत जातं, म्हणून कारखान्यातून धडधाकट निघालेली गाडी हजारो मैलांनंतर बसते.

मग फिल्टर काय करत असतो? तो येणारं तेल गाळतो. पण फिल्टरच्या पुढच्या वाटांमध्येच कीस अडकून राहिला असेल, तर तो थेट बेरिंगवर जातो. घराबाहेरच्या टाकीवर गाळणी लावली तरी नळाच्या आतला गंज पेल्यात यायचाच. या गाड्यांत ०डब्ल्यू-२० हे पातळ तेल घालतात, त्यालाही अनेक जण बोल लावतात. जाड तेलाने पापुद्रा थोडा जाड होतो हे खरं, पण किसाला पुरून उरेल इतका नाही.

एक गंमत मात्र राहून जाते. याच इंजिनाच्या हायब्रिड टुंड्रा २०२४च्या यादीत नव्हत्या. इंजिन बसलं तरी विजेच्या मोटरवर गाडी थोडीफार चालते, असा हिशेब होता. यादीतल्या गाड्यांना जुलै २०२४मध्ये नवी इंजिनं बसवायचं ठरलं.

इकडे भोसरी-चाकणच्या पट्ट्यात इंजिनाचे सुटे भाग बनवणारे ‘मिलिपोर’ नावाची एक चाचणी करतात. तयार भाग फवाऱ्याने धुवायचा, ते धुवण बारीक गाळणकागदातून काढायचं, कागद सुकवून तोलायचा. घाण मिलिग्रॅममध्ये मोजतात. मग कागद सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि त्यावरच्या ठिपक्यांतला सर्वांत मोठा शोधून त्याची लांबी वहीत लिहितात.