पाहुणा कलावंत आणि मंडईचे गाव

भाऊबीज झाली की आपल्या भागात मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. लेकीबाळी माहेरी येतात, दुकाने लागतात, दिवसा दंडार नाहीतर खडी गंमत आणि रात्री नाटक. हलका धान कापून पुंजणे लागलेले असतात, भारी धान अजून बांधीत उभा असतो, तरी गाव दोन दिवसांची उसंत काढतोच.

शेतकरी बंधूंना हे नव्याने सांगायला नको. पण यातली एक गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. मंडईत गाणारा, नाचणारा, सोंग करणारा माणूस पुष्कळदा बाहेरचा असतो. कधी दुसऱ्या जिल्ह्याचा, कधी दुसऱ्या मुलखाचा. त्याला बोलावते कोण, उतरवते कोण, जेवू घालते कोण? आपले गाव. गावचे मंडळ वर्गणी जमवते, पोरं मंडप उभारतात, बायाबापड्या स्वयंपाकाला हात लावतात. पाहुण्या कलावंताला पोसायची ही रीत आपल्याजवळ आधीपासूनच तयार आहे. ती शेजारच्या तिबेटी आणि बंगाली वस्त्यांमधल्या कलावंतांपर्यंत न्यावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आपण तरी कुठले?

कोणी म्हणेल, ते लोक बाहेरून आलेले, त्यांचे आपल्याला काय? तर मग जरा मागे पाहू. ज्या तलावांच्या पाण्यावर आपला धान पिकतो, ते तलाव आणि बोड्या बांधण्यात कोहळी समाजाचा हात सर्वांत मोठा. चांद्याच्या गोंड राजाने कोहळ्यांना बनारसहून आणले, असे जुनी माणसे सांगतात. पोवार मंडळी माळव्यातून आली. त्यांची पोवारी बोली घराघरांत अजून टिकून आहे. गोंड, हलबा, ढिवर, कोष्टी, प्रत्येकाची गाणी वेगळी, सणाची तऱ्हा वेगळी. पूर्वेला छत्तीसगड लागूनच आहे. तिथला 'नाचा' आणि आपली खडी गंमत यांचे नाते पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. वाजवणारे वाद्य कमरेला बांधून उभ्यानेच साथ करतात, म्हणून ती 'खडी' गंमत.

म्हणजे झाडीपट्टीची संस्कृती ही आल्या-गेल्यांची मिळूनच झालेली आहे. ज्याला आपण आज 'आपले' म्हणतो, तेही कधीतरी पाहुणे म्हणूनच आले होते.

नाटक गावाच्या जिवावर

झाडीपट्टीच्या नाटकांचे मोठे केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजेच देसाईगंज. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. गावोगावची मंडळे तिथे जातात, नाटक ठरवतात, तारीख घेतात, इसार देतात. कंपन्यांत नागपूर, पुणे, मुंबईकडचे कलाकारही कामाला येतात. दिवाळीपासून होळीच्या पुढेपर्यंत हंगाम चालतो. तिकिटाच्या पैशातून खर्च वजा जाता काही उरले तर ते देवळाला, शाळेला किंवा समाजमंदिराला लागते. कलावंताला काम मिळते, गावाला करमणूक मिळते आणि गावाचे एखादे कामही होते.

याच रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोगांत सुमारे आठशे भूमिका केल्या आहेत. एवढे प्रयोग कोणत्या शहरी नाट्यगृहात झाले? ते गावच्या मंडपात झाले, गावाच्या वर्गणीवर झाले.

२०२० मध्ये कोरोनाने सगळे ठप्प केले, तेव्हा या कलावंतांचे हाल झाले. गाव थांबले की कलावंत उपाशी, हे त्या वर्षी उघड दिसले.

गोठणगावची तिबेटी वसाहत

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात, इटियाडोह धरणाच्या अंगाला तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिचे नाव नोर्ग्येलिंग. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी आले. त्यांच्यासाठी देशात ठिकठिकाणी वसाहती झाल्या. ही १९७२ सालची. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण तिबेटी लोकांच्या बोलण्यात-लिहिण्यात या वसाहतीला आजही 'भंडारा' असेच म्हणतात. आपल्या जिल्ह्याचे नाव त्यांनी असे जपून ठेवले आहे.

बर्फाच्या मुलखातले लोक, इथे येऊन धान करू लागले. आपल्यासारखीच त्यांचीही शेती पावसावर. नुसत्या शेतीवर भागत नाही म्हणून हिवाळ्यात ते गावोगावी, शहरोशहरी स्वेटर विकायला बसतात. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांच्याकडून स्वेटर घेतला असेल, भावही केला असेल. पण त्या दुकानावरची बाई सणाला काय गाते, तो म्हातारा कोणते वाद्य वाजवतो, हे किती जणांनी विचारले?

त्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी बंगाली गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेली ही कुटुंबे. धान आणि मासळी हे दोन्ही त्यांना आपल्याइतकेच जवळचे. दुर्गापूजा आणि खोल वाजवून चालणारे नामसंकीर्तन त्यांनी सोबत आणले. आपल्या भजनी मंडळांना त्यात परके असे काही वाटायचे नाही.

पुलासाठी उभे राहिलेले नाटक

तिबेटी लोकांत 'ल्हामो' नावाचे गायन-नाट्य आहे. उघड्यावर, चांदव्याखाली, ढोल आणि झांजेच्या तालावर ते चालते. मुखवटे असतात, मधेमधे हसवणारी सोंगे असतात, आणि एक खेळ दिवसभरही चालतो. आपल्या दंडारीच्या माणसाला हे पाहून नवल वाटणार नाही, ओळख पटेल.

या नाट्याची गोष्ट तर आपल्या मंडळांनी मुद्दाम ऐकावी. पंधराव्या शतकात थांगतोंग ग्याल्पो नावाचा साधू होता. नद्यांवर लोखंडी साखळ्यांचे पूल बांधायचे त्याने मनावर घेतले. पैसा नव्हता. तेव्हा त्याने सात बहिणींना घेऊन नाच-गाण्याचा फड उभा केला आणि गावोगावी खेळ करून पुलांसाठी दान जमवले, अशी त्यांची परंपरा सांगते. आपण नाटक लावून शाळेची खोली बांधतो, त्यांनी नाटक लावून पूल बांधले. यात वेगळे काय आहे?

ही कला तिबेटी लोकांनी निर्वासितपणातही सोडली नाही. १९५९ मध्येच, डोक्यावर छप्पर नसताना, त्यांनी नाट्य-संगीताची संस्था काढली. तिचे काम आज धरमशाला येथे चालते. पण पुढचे दिवस अवघड आहेत. २००९ च्या तिबेटी जनगणनेत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते. नंतरच्या सरकारी आकड्यांत ते ७२ हजारांच्या आसपास दिसतात. पोरं शिकतात आणि बेंगळुरू, दिल्ली किंवा परदेश गाठतात. आपल्या दंडारीच्या पार्ट्यांचेही तेच झाले आहे. म्हातारे शिकवायला तयार आहेत, शिकणारा घरात नाही. दोघांचे दुखणे एकच आहे.

अडचण वेळेची

मंडईला त्यांना बोलवावे म्हटले तर ते त्या वेळी स्वेटर विकायला बाहेर. त्यांचा ६ जुलैचा, दलाई लामांच्या वाढदिवसाचा कार्यक्रम असतो, तेव्हा आपण पऱ्हे आणि रोवणीच्या चिखलात. मग मेळ कुठे बसायचा?

मेळ बसतो तो महाशिवरात्रीला. प्रतापगडची यात्रा आपल्याला माहीत आहे. तिथे महादेवही आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही आहे, दोन्हीकडे माणूस जातो. तिबेटी नववर्ष 'लोसार' बहुतेक वर्षी याच दिवसांत येते. २०२२, २०२३ आणि २०२५ मध्ये महाशिवरात्र आणि लोसार यांत दोन-तीन दिवसांचेच अंतर होते. एखाद्या वर्षी, जसे २०२४ मध्ये, महिन्याचा फरक पडतो. तेवढे कॅलेंडर आधी पाहावे. या काळात स्वेटरचा धंदा संपत आलेला असतो, माणसे वसाहतीत परतलेली असतात, आणि आपलाही खरिपाचा धान घरी आलेला असतो.

मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनी काय करावे?

१) कार्यक्रम ठरवण्याआधी वसाहतीच्या कार्यालयात जाऊन विचारावे. कोणता नाच कोणत्या प्रसंगाचा, हे त्यांनाच सांगू द्यावे. धार्मिक नाच करमणूक म्हणून मागू नये.

२) मानधन आधी बोलून, कागदावर लिहून ठरवावे. नाटक कंपनीला इसार देतो तसा यांनाही द्यावा. 'स्टेज मिळतो, हेच पुष्कळ' असे म्हणणे बरे नव्हे.

३) येण्याजाण्याची गाडी, जेवण, आणि बायांना कपडे बदलायला बंद खोली, एवढे तरी हवेच. शाळेची खोली मागून घ्यावी.

४) मराठी आणि तिबेटी दोन्ही जाणणारा एखादा विद्यार्थी निवेदनाला घ्यावा. नाचाचा अर्थ कळला की लोक हसत नाहीत, ऐकतात.

५) रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. ठरावीक दिवसांची सूट मिळते ती विचारून घ्यावी, परवानगीचा अर्ज वेळेत द्यावा.

६) शाळेच्या स्नेहसंमेलनात एक नाच त्यांचा आणि एक दंडार आपली ठेवावी. मग पुढच्या लोसारला आपली पोरं तिकडे पाठवावीत. एकाच बाजूने बोलावणे गेले तर ओळख वाढत नाही.

७) गावात वयोवृद्ध दंडारी, शाहीर, भजनी असतील तर ग्रामसेवकांनी त्यांचे अर्ज पंचायत समितीमार्फत राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत भरून घ्यावेत. २०२४ पासून मानधन दरमहा ५,००० रुपये आहे. कागदाअभावी पात्र माणूस राहून जाऊ नये.

केंद्र सरकारच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात रोजगार हमी, रेशन यांसारख्या योजनांचा लाभ तिबेटी कुटुंबांना राज्यांनी द्यावा असे म्हटले आहे. वसाहतीशी संबंध येणाऱ्या सरपंच-ग्रामसेवकांनी हे धोरण एकदा वाचून पाहावे.

धानाचे एकच वाण वर्षानुवर्षे लावत गेलो तर रोग एकदम पसरतो, हे आम्ही शेतीशाळेत सांगतो. गावाच्या गाण्यांचेही तसेच आहे. चार तऱ्हेची गाणी वाजत असलेले गाव बरे. यंदा मंडळाची बैठक बसेल तेव्हा नाटकाच्या तारखेबरोबर लोसारची तारीखही वहीत लिहून ठेवावी.