बेरजेत सापडणारा आजार

समजा, इंग्लंडमधल्या एखाद्या गावातला फॅमिली डॉक्टर आहे आणि समोर सत्तरीतल्या आजीबाई. खोकला, कणकण, अंगात त्राण नाही. श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन ९५, वरचं ब्लडप्रेशर १०८, नाडी १०४. ताप ३८.४ सेल्सिअस, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १०१ च्या आसपास. बोलणं मात्र व्यवस्थित. यातल्या एकाही आकड्यावर कुणी ॲम्ब्युलन्स बोलावणार नाही. आता गुण द्या: श्वासाला २, बाकी चौघांना एकेक. बेरीज ६! पाच किंवा जास्त झाले तर तातडीने पाहायचं आणि सात किंवा जास्त तर आणीबाणी, असा दंडक आहे. गोळ्या देऊन घरी पाठवण्याआधी डॉक्टर हॉस्पिटलला फोन लावतो.

या गुणांना म्हणतात नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, म्हणजेच ‘न्यूज’. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला, २०१७ मध्ये सुधारला. मूळ गरज वॉर्डातली. हॉस्पिटलात असतानाच ज्यांचं हृदय बंद पडलं अशा ६४ रुग्णांचा अभ्यास अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८४ टक्के जणांच्या कागदांवर आधीच्या आठ तासांत बिघाडाची किंवा नव्या तक्रारीची नोंद होती. लिहिलं सगळं होतं, बेरीज कुणी केली नव्हती.

या तक्त्यात मला सगळ्यात थक्क करतो तो श्वास. तो मोजायला घड्याळ पुरतं, तरीही सगळ्यात जास्त आळस त्याच्याच बाबतीत होतो. शरीरात प्राणवायू कमी पडू लागला की रक्तात आम्ल साचतं. मेंदूच्या देठाला ते कळतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी तो श्वासाची गती वाढवतो. त्या वेळी ब्लडप्रेशर मात्र छान दिसत असतं, कारण रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय पळवून शरीर ऋण काढून सण साजरा करत असतं. प्रेशर कोसळतं ते उशिरा. म्हणून श्वास २५ किंवा जास्त झाला की एकदम ३ गुण. आणखी एक गंमत: ३९.१ किंवा जास्त तापाला २ गुण, पण अंग ३५ पर्यंत गार पडलं तर ३. माणूस नव्याने गोंधळून बोलू लागला तरी ३.

ब्रिस्टल आणि आसपासच्या भागात फॅमिली डॉक्टरही रुग्णाला हॉस्पिटलकडे पाठवताना बेरजेचा हा आकडा सोबत सांगू लागले. ‘जरा बरं दिसत नाही’ यापेक्षा ‘न्यूज ६’ पलीकडच्याला लगेच कळतं. तिथल्या अभ्यासात जास्त गुणांचे रुग्ण हॉस्पिटलात लवकर पोहोचल्याचं दिसलं, आणि त्यांच्यात पुढे गंभीर होण्याचं प्रमाणही जास्त होतं.

पण कमी गुण म्हणजे अभय नव्हे. हार्ट ॲटॅक आलेला माणूस शून्य गुण घेऊनही समोर बसू शकतो; तिथे डॉक्टरची नजरच हवी. १६ वर्षांखालची मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना तर हा तक्ता लागूच नाही.

घरात मोठं माणूस तापाने निजलं असेल तर त्याला न सांगता पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजा, आणि डॉक्टरांना फोन कराल तेव्हा तापाच्या आधी तो आकडा सांगा.